टिपणे आणि टिपण

मराठीतले 'टिपणे' हे क्रियापद मोठे बहुरूपी आहे. पाखरू अंगणातले दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आई पदराने डोळे टिपते, शिकारी सावज टिपतो, विद्यार्थी व्याख्यानातले मुद्दे टिपून घेतो. आणि गेली कित्येक वर्षे छायाचित्रकार 'क्षण टिपतो'. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत चित्राखाली 'आमच्या छायाचित्रकाराने टिपलेले दृश्य' ही ओळ इतकी सरावाची झाली आहे की, त्यातले टिपणे नेमके कोणते, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ते शिकाऱ्याचे आहे, की टिपण ठेवणाऱ्याचे? आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. एका शब्दाच्या दोन अर्थांपाशी थबकणे हा आमच्या व्यवसायाचाच भाग. परंतु हा प्रश्न केवळ शब्दकोशातला नाही. विणीच्या हंगामात समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीसमोर कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो त्या पक्ष्यांच्या जगण्यामरण्याशी जाऊन भिडतो. या लेखात आम्हांला एवढेच म्हणायचे आहे : छायाचित्रणाने शिकारीची बंदूक खाली ठेवली हे खरे, पण शिकारीचे व्याकरण अजून सोडलेले नाही, आणि ते सोडण्याचा मार्ग चांगल्या भिंगातून जात नाही, तो चित्राखाली लिहिल्या जाणाऱ्या दोन ओळींतून जातो.

यासाठी एकच कडा समोर ठेवू. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी, बेम्प्टन नावाच्या खेड्याजवळ खडूच्या दगडाचे पांढरे कडे आहेत. उंची सुमारे शंभर मीटर. वसंत ते शरद या काळात या कड्यांवर सुमारे पाच लाख समुद्रपक्षी असतात, असे तिथल्या राखीव क्षेत्राची व्यवस्था पाहणारी 'रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स' ही संस्था सांगते. गॅनेट, गिलेमॉट, रेझरबिल, किटीवेक, फुलमार, पफिन अशी ही मांदियाळी. यांतल्या बहुतेकांना मराठीत नावे नाहीत, कारण ते आपल्या किनाऱ्यावरचे नव्हेत. बगळे-करकोच्यांच्या सामूहिक विणीच्या जागेला मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे 'सारंगागार' असा सुंदर शब्द आपल्याकडे रुळला. समुद्रपक्ष्यांच्या कड्यासाठी मात्र आपल्याला 'वसाहत' या रुक्ष शब्दावर भागवावे लागते. आम्हांला हा कडा ठाऊक आहे तो पुस्तकांतून आणि छायाचित्रांतूनच. आमच्या बहुतेक वाचकांचीही स्थिती हीच असणार. म्हणूनच छायाचित्राने काय सांगावे, हा आमच्यासारख्या दूरस्थांचाही प्रश्न ठरतो.

या कड्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे 'टिपणे' या क्रियापदाचे एकेक अर्थ क्रमाने जगून पाहण्याचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

पहिला अर्थ बंदुकीचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेने शहरी माणसे या किनाऱ्यावर येऊ लागली. होड्या भाड्याने घ्यायच्या, कड्याखाली जायचे आणि ऐन विणीच्या दिवसांत कपारींवर बसलेल्या पक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या, हा सुटीतला खेळ झाला. किटीवेकची पिसे बायकांच्या टोप्यांवर मिरवू लागली. मारलेल्या पक्ष्यांची पिल्ले वर कपारीत उपासमारीने मरत. १८६८ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या नॉर्विच येथील सभेत पक्षिशास्त्रज्ञ आल्फ्रेड न्यूटन यांनी या कत्तलीविरुद्ध आवाज उठवला. ब्रिडलिंग्टनचे धर्मगुरू आणि स्थानिक सभ्य गृहस्थ चळवळीत उतरले. आणि १८६९ मध्ये 'सी बर्ड्स प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट' संमत झाला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात समुद्रपक्षी मारण्यास बंदी आली. या बाजूने मांडलेल्या युक्तिवादांत एक फार बोलका आहे : दाट धुक्यात कडा दिसत नाही तेव्हा पक्ष्यांचा कलकलाट ऐकून खलाशी होडी खडकांपासून वळवून घेतात, म्हणून पक्षी वाचवा. दया पुरेशी ठरत नाही असे दिसले की माणूस उपयुक्ततेचा दाखला शोधतो, हे तेव्हाही खरे होते.

दुसरा अर्थ वेचण्याचा, दाणे टिपण्यासारखा. बंदूक थांबली तरी अंडी काढणे थांबले नव्हते. कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरणारे स्थानिक लोक दर उन्हाळ्यात गिलेमॉटची अंडी गोळा करीत. काही अंडी खाण्यासाठी जात. पण उत्तम रंगाची, अनवट नक्षीची अंडी हौशी संग्राहक मोठ्या किमतीला घेत. गिलेमॉटचे वैशिष्ट्य असे की, हा पक्षी घरटे बांधत नाही. उघड्या कपारीवर एकच अंडे घालतो, आणि प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग व नक्षी वेगळी असते. तीच मादी वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच रंगाचे अंडे घालते. निसर्गाने ही खूण दिली ती आईबापांना गर्दीत आपले अंडे ओळखता यावे म्हणून. संग्राहकांनी तिचा उपयोग केला तो दर वर्षी त्याच मादीचे अंडे नेमके उचलण्यासाठी. टिम बर्कहेड या शास्त्रज्ञाने २०१६ च्या आपल्या अंड्यांवरील पुस्तकात या संग्राहकांची हकीकत सांगितली आहे. ती वाचताना सौंदर्यदृष्टी आणि लोभ किती सहज एका पेटीत नांदतात हे पाहून अंगावर काटा येतो. १९५४ च्या पक्षिसंरक्षण कायद्याने हा प्रकार संपला.

तिसरा अर्थ कॅमेऱ्याचा. तोही यॉर्कशरशी जोडलेला आहे. रिचर्ड आणि चेरी कर्टन हे तिथल्या डोंगराळ खोऱ्यात जन्मलेले दोघे भाऊ. १८९२ मध्ये त्यांनी अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले; १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले; १८९७ मध्ये 'विथ नेचर अँड अ कॅमेरा'. जड लाकडी कॅमेरा पाठीशी बांधून चेरी दोरावरून कड्यांवर लोंबकळे. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून दोघांनी पोकळ, भुसा भरलेल्या बैलाच्या कातड्याचा आडोसाही करून पाहिला. त्यांचे ऋण मोठे आहे. अंडे न उचलताही ते घरी नेता येते, ही कल्पनाच क्रांतिकारक होती. पण साधने पाहा : तोच दोर, तोच आडोसा, तीच दबा धरून बसण्याची रीत. सुसान सोन्टॅग यांनी १९७७ च्या 'ऑन फोटोग्राफी'मध्ये कॅमेरा आणि बंदूक यांचे नाते उलगडले, तेव्हापासून हे साम्य साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवे राहिलेले नाही. इंग्रजीतून आपण 'शूट' आणि 'शॉट' घेतले. मराठीत तर आपल्याकडे 'टिपणे' आधीपासूनच होते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. गोळीने पक्षी मरतो, चित्राने मरत नाही. मग शब्दांच्या साम्यावर एवढा इमला कशाला? आक्षेप रास्त आहे, पण पुरता खरा नाही. गिलेमॉटच्या कपारीकडे पुन्हा पाहू. एका चौरस मीटरमध्ये वीस वीस जोड्या दाटीने उभ्या असतात. अंडे पायांवर तोलून महिनाभर उबवले जाते. एखादी होडी फार जवळ आली, एखादा ड्रोन कड्यासमोर घोंघावला आणि पक्षी एकदम दचकून उडाले, तर अंडी घरंगळून खाली जातात. जी राहतात ती कुरव पक्षी उचलतात. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की, उडता येण्याआधीच, खालून हाका मारणाऱ्या बापाच्या दिशेने कड्यावरून समुद्रात उडी घेते आणि पुढे बापच त्याला सांभाळतो. या सगळ्या व्यवहारात एका दचकण्याची किंमत एक वर्ष असू शकते, कारण अंडे एकच. छायाचित्रकाराला 'उडतानाचे' चित्र हवे असते. पक्ष्याला न उडण्याची गरज असते. दोघांच्या हिताचा विरोध येथे उघडा पडतो.

आपल्या कायद्याने ही गोष्ट फार नेमकेपणाने ओळखली आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे यांचाही समावेश आहे. म्हणजे घरट्याला धक्का लावणारा छायाचित्रकार शिकाऱ्यासारखा आहे, ही उपमा नव्हे. आपल्या विधिग्रंथात तो अभिधेयार्थ आहे. आणि या जाणिवेचे मूळ कायद्याहून जुने आहे. तमसेच्या तीरावर वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, तो केवळ एक पक्षी मेला म्हणून नव्हे. कामक्रीडेत रमलेल्या जोडीतला एक मारला गेला म्हणून. त्या कथेत निषाद आणि कवी दोघेही एकाच पक्ष्याकडे पाहत होते. पाहणे दोघांचेही एकाग्र होते. फरक पडला तो पाहण्यानंतर काय केले यामुळे.

शिकारीच्या व्याकरणाचा आणखी एक नियम आहे : एकवचन. शिकाऱ्याला 'एक' सावज लागते. वसाहत मात्र मुळातच अनेकवचनी आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये बेम्प्टनच्या कड्यावर दक्षिण गोलार्धातला एक काळ्या भुवईचा अल्बट्रॉस भटकत आला आणि अनेक महिने गॅनेटांच्या गर्दीत वावरला. त्याला पाहायला आणि त्याचे चित्र घ्यायला दुरून दुरून लोक आले. १७९८ मधल्या कोलरिजच्या काव्यातल्या खलाशाने अल्बट्रॉस मारला होता. आता माणसे त्याच्यासाठी कठड्यापाशी रांगा लावतात, ही प्रगतीच म्हणायची, आणि त्या माणसांच्या आनंदाला नाक मुरडण्याचे आम्हांला काही कारण नाही. पण ज्याला तिथे जोडीदार नाही, घरटे नाही, असा एक पाहुणा नायक झाला आणि भोवतीचे लाखो पक्षी पार्श्वभूमी झाले, याची नोंद घेतली पाहिजे. त्याच कड्यावरचा किटीवेक २०१५ पासून ब्रिटनच्या लाल यादीत आहे. त्याच्यापुढे रांग नव्हती. कादंबरीत आपण नायकाच्या पलीकडचा समाज वाचायला शिकतो, विद्यार्थ्यांना शिकवतो; चित्र पाहताना मात्र आपण अजून नायकाच्याच शोधात असतो.

मग मार्ग कोणता? जवळून घेतलेले, एकाच पक्ष्याचे चित्र वाईट आणि दुरून घेतलेले, थव्याचे चित्र चांगले, असा सोपा निवाडा आम्ही करणार नाही. कारण वस्तुस्थिती त्याला साथ देत नाही. पफिन पक्ष्याचे सर्वांत लोकप्रिय चित्र म्हणजे चोचीत आडवे मासे धरलेला पफिन. हजारो प्रवासी ते घेतात; भेटकार्डांवर ते छापले जाते; त्यात नवे काही उरलेले नाही. २०१७ मध्ये वर उल्लेखिलेल्या संस्थेने या प्रवाशांनाच आवाहन केले : तुमची ही चित्रे, जागा आणि तारीख लिहून, आम्हांला पाठवा, मात्र ती काढताना बिळांपासून दूर राहा आणि पिल्लाकडे निघालेल्या पक्ष्याची वाट अडवू नका. शेकडो लोकांनी हजाराहून अधिक चित्रे पाठवली. चोचीतल्या माशांची जात आणि आकार पाहून कोणत्या वसाहतीत पिल्लांना पुरेसे खाणे मिळते आणि कोठे मिळत नाही, याचा अंदाज बांधता आला. चित्र तेच होते. दोन ओळींच्या नोंदीने त्याचा धर्म पालटला. स्मरणवस्तू होती, ती साधन झाली. या पक्ष्यांचे मुख्य अन्न म्हणजे वाळूत राहणारे सळीसारखे बारीक सँडईल मासे. २०२४ मध्ये ब्रिटनने उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडील पाण्यात आणि स्कॉटलंडच्या सर्व पाण्यात त्यांची मासेमारी बंद केली. तो निर्णय चित्रांमुळे झाला असे नव्हे. पण अशा निर्णयांना लागणारा पुरावा असाच कणाकणाने टिपलेला असतो.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडच्या बास रॉक या बेटाचे. गॅनेटचे शास्त्रीय नाव 'मोरस बासानस' हे या खडकावरूनच पडले. २०१४ मध्ये आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून तिथे गॅनेटांच्या वापरातल्या ७५,२५९ जागा मोजल्या गेल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूची साथ आली. २०२३ मध्ये ड्रोनने काळजीपूर्वक घेतलेल्या चित्रांवरून मोजणी झाली : ५१,८४४. या दोन चित्रमालिकांना कोणी 'सुंदर' म्हणणार नाही. पण त्यांच्यामधल्या वजाबाकीइतकी करुण गोष्ट कोणत्याही एका चित्रात मावणार नाही. आणि त्याच साथीत एक उलटे नवल घडले. गॅनेटचे बुबुळ एरवी फिकट निळे असते. साथीतून वाचलेल्या काही पक्ष्यांची बुबुळे काळी झालेली आढळली, आणि रक्ततपासणीत अशा पक्ष्यांपैकी बहुतेकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. येथे कामाला आले ते डोळ्याचे जवळून केलेले निरीक्षणच. ड्रोन, भिंग, अंतर यांपैकी काहीही मुळात निर्दोष वा सदोष नाही. पक्ष्याला त्याच्या कामातून उठवले का, आणि पाहिले ते तारखेसह नोंदवले का, या दोनच कसोट्या उरतात.

काहींना यात कलेवर अन्याय दिसेल. सौंदर्याला तारखेची काय गरज, असे ते विचारतील. मराठीत कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद फडके-खांडेकरांच्या नावांनी पिढ्यान्‌पिढ्या गाजला. तो येथे पुन्हा उकरून काढण्याची आमची इच्छा नाही, कारण येथे ते द्वंद्व खोटे आहे. आपल्या जुन्या पोथ्यांची आठवण करावी. ग्रंथ लिहून झाल्यावर लेखनिक शेवटी शक, तिथी, स्थळ आणि आपले नाव नोंदवी. त्या पुष्पिकेने काव्याचा रस उणा झाला नाही. उलट, पुष्पिका हरवलेल्या पोथीपुढे आजही संशोधक हताश होऊन बसतो. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना जुन्या चिठोऱ्यांना जे मोल दिले, ते असल्याच तपशिलांमुळे. पक्ष्याच्या चित्राखालच्या ओळी ही त्याची पुष्पिका आहे. 'आईची माया', 'जोडी जमली' असली शीर्षके देण्यापेक्षा 'जून, सकाळी साडेसहा, कठड्यावरून, पक्षी अंडे उबवत होता' ही नोंद अधिक रसाळ आहे, असे आम्ही साहित्याचे शिक्षक म्हणून बेधडक म्हणतो. कारण पहिलीत आपण पक्ष्यावर स्वतःला लादतो, दुसरीत पक्ष्याला त्याच्या जागी राहू देतो.

हा विचार आपल्या किनाऱ्यावर आणला की त्याला एक गाठ पडते. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर सुरय पक्ष्यांची वीण होते, आणि तिथल्या गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. पाकोळी समुद्रपक्षी नव्हे, पण कड्याच्या आश्रयाने वसाहत करून राहणारी, एवढे नाते आहेच. या घरट्यांना परदेशी बाजारात मोल असल्याने त्यांची चोरी होत असे; चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने त्यांच्या संरक्षणासाठी काम केले आहे. अशा ठिकाणी चित्रासोबत नेमकी जागा जाहीर करणे म्हणजे चोराला वाट दाखवणे. म्हणून टिपण ठेवणे आणि ते चव्हाट्यावर मांडणे यांत भेद केला पाहिजे. नोंद पूर्ण असावी. ती कोणाच्या हाती द्यायची हे विवेकाने ठरवावे. आपल्याकडच्या अनेक स्पर्धा आणि छायाचित्रकारांचे गट घरट्यावरची चित्रे स्वीकारतच नाहीत. एकाकी घरट्यांच्या बाबतीत हा नियम आम्हांला योग्य वाटतो. परंतु नियमाने घरटे वाचते, दृष्टी घडत नाही. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर विसावलेल्या कुरवांच्या थव्यात धावत शिरून त्यांना उडवणारा आणि त्या उडण्याचे चित्र घेणारा हौशी माणूस कोणत्याही घरट्याजवळ गेलेला नसतो; तरी तो शिकाऱ्याच्याच क्रियापदाने जगत असतो.

भाषेच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना टिपणे काढायला शिकवतो. चांगल्या टिपणाची लक्षणे आपण सांगतो ती अशी : वक्त्याला मध्येच तोडू नये, आपल्याला आवडले तेवढेच न लिहिता महत्त्वाचे ते लिहावे, तारीख व संदर्भ घालावा, आणि पुढे कोणालाही वापरता येईल अशा स्वच्छ अक्षरात लिहावे. यांतले एकही लक्षण बदलावे लागणार नाही. पर्यावरणाचा प्रकल्प करायला निघालेल्या आपल्या विद्यार्थ्याच्या हाती आज कॅमेरा असलेला फोन असतोच. त्याच्यासोबत एक साधी वही द्यावी, आणि गुण चित्राला द्यायचे की वहीला, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. आमचे मत वहीच्या बाजूने आहे.